परत आलेलं ताट

तुझा लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्या वेळी वाटलं, मोतीबिंदूमुळे मला काही दिसत नसेल. दुसऱ्या वेळी चष्मा पुसून वाचला. डोळे ठीक आहेत. लेखातच काही नाही.

समोर बसवून बोललो असतो, पण तू दर दोन वाक्यांनी 'पण सर' म्हणतोस. आठवीतही म्हणायचास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. उभं राहून वाच.

'माणदेशाची चव'. नाव झोकात आहे. दिवाळी अंकासाठी बारा हॉटेलं निवडलीस. म्हसवडहून गोंदवले-दहिवडीकडे, पिलीवकडे आणि आटपाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची. कल्पना चांगली आहे, म्हणूनच राग जास्त आहे. वाईट कल्पनेचं वाटोळं केलं असतंस तर मी चहा पिऊन गप्प बसलो असतो. नऊ पानं, बारा हॉटेलं आणि 'अप्रतिम' हा शब्द अकरा वेळा. मोजलाय मी. बाराव्या जागी काय आहे म्हणून बघितलं, तर तिथं 'लाजवाब' आहे. तेवढीच काय ती मेहनत.

अप्रतिम म्हणजे काय रे? ज्याला तोड नाही ते. एकाच तालुक्याच्या आसपास अकरा गोष्टींना तोड नाही? मग त्या एकमेकांना काय आहेत? मराठी मीच शिकवलं होतं तुला. निदान माझी तरी लाज राखायची.

पुढं चल. 'अस्सल गावरान चव.' 'चुलीवरचं झणझणीत मटण.' 'जिभेवर रेंगाळणारा रस्सा.' यातलं तुझं काय आहे? हे सगळं फलकावर लिहिलेलं असतं. तू उतरवून काढलंस. शेजारच्याच्या पेपरातून उतरवणाऱ्याचं मी काय करायचो, आठवतं ना? आणि ती चूल पाहिलीस कुठं? आटपाडी रस्त्यावरच्या त्या ढाब्यावर मीही होतो तुझ्याबरोबर. हात धुवायला मागं गेलो, तर गॅसच्या टाक्या ओळीनं उभ्या. त्याही लाल, घरगुती. हॉटेलाला निळी टाकी लागते, हे तुला मी सांगायचं? चूल होती ती फलकावर, रंगवलेली. रंगवलेल्या चुलीवर मटण शिजवणारा माणदेशातला पहिला लेखक तूच.

तू पुण्या-मुंबईहून चार दिवस आलेला पाहुणा असतास, तर मी सोडून दिलं असतं. त्याला ज्वारी कुठली आणि बाजरी कुठली हे ताटात बोट ठेवून दाखवावं लागतं. तू कोण आहेस? एसटी स्टँडमागं जिची खाणावळ होती, त्या बाईचा मुलगा. पिठाच्या डब्यावर वही ठेवून गृहपाठ करणारा. मी म्हसवडला बदलून आलो तेव्हा चार वर्षं तुझ्या आईच्या हातचं जेवलो. तुला नापास करायची वेळ आली नाही, हे त्या भाकरीचं नशीब.

आई काय करायची, विसरलास? गिऱ्हाईक उठलं की ती आधी पैशाकडं बघायची नाही. ताटाकडं बघायची. मोरीकडं जाणारं प्रत्येक ताट तिच्यासमोरून जायचं. भाकरीचे काठ उरले असतील, तर भाकरी कडेला जाड राहिली. आमटीची वाटी अर्धी असेल, तर मीठ चुकलं, नाहीतर आमटी निवली. ताटात वांग्याच्या देठाशिवाय काही नसेल, तर परवा पुन्हा वांगं. कुणी 'छान झालं हो काकू' म्हटलं की हसायची, आणि तरीही ताट बघायची. तोंड खोटं बोलतं, खरकटं बोलत नाही. एवढं मोठं शास्त्र त्या चौथी शिकलेल्या बाईला ठाऊक होतं. तुझ्या डोळ्यांसमोर ती ते रोज वापरत होती.

आणि तू कुठलं ताट बघतोस? येणारं! ते आलं की मोबाईल काढतोस. वाट्या फिरवतोस. रश्श्यावरचा लाल तवंग नीट दिसावा म्हणून ताट दिव्याखाली सरकवतोस. अरे, येणारं ताट सगळ्यांचंच चांगलं दिसतं. मांडवात येणारा नवरदेवही चांगलाच दिसतो. परत जाणारं ताट कोण बघणार? आपल्या शेजारी सहा जणांचं कुटुंब बसलं होतं. ते उठल्यावर चार ताटांत अर्धी-अर्धी भाकरी होती. तुला दिसली? तुझं लक्ष फोटोत. आणि उठताना स्वतःचा पाण्याचा ग्लास अर्धा ठेवून उठलास. कुठल्या तालुक्यात? ज्या तालुक्यानं टँकरमागं घागरी घेऊन धावण्यात उन्हाळे काढले, त्या तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत मी उभा होतो. मला तो ग्लास दिसतो. तुला का दिसू नये?

भाकरीवर येऊ. तू लिहिलंस, 'मटणाचा मसाला किंचित कडवट, पण गावरान बाजाचा.' मसाला कडू नव्हता, लेका. बाजरी कडू होती. बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त. पीठ दळून ठेवलं की थोड्याच दिवसांत खवट होतं, कडसर लागतं. यासाठी कृषी विद्यापीठात जावं लागत नाही. तुझी आई दर दोन दिवसांनी गिरणीत दळण का धाडायची? हौस म्हणून? तो डबा डोक्यावरून तूच न्यायचास. दहा वर्षं जे पीठ डोक्यावरून वाहिलंस त्याची चव तुला ओळखू येईना? ओळखू आली होती. पहिल्या घासाला तुझं तोंड वाकडं झालं, ते मी पाहिलं. दुसरा तुकडा तू रश्श्यात बुडवून गिळलास, तेही पाहिलं. मग लिहिताना हात कुणी धरला?

मी सांगतो कुणी धरला.

जेवण निम्मं झालं आणि मालक आले. 'लेखकसाहेब आलेत' म्हणाले. तुझी पाठ ताठ झाली. मग तुझ्या वाटीत नळीचं हाड आलं. शेजारच्या कुटुंबाच्या वाटीत आलं नाही. सुक्कं पुन्हा आलं, न मागता. बिलाची वेळ आली तेव्हा मालकांनी हात जोडले. तू दोनदा 'नाही हो, असं कसं' म्हणालास. तोंडानं म्हणालास. पाकीट बाहेर आलंच नाही. हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच विसावला. माझ्या ताटाचे पैसे मी गल्ल्यावर ठेवले, तर मालक माझ्यावर रागावले. रागावू देत. फुकटचं ताट जीभ गहाण ठेवून मिळतं. बँकेत ठेवलेलं सोनं मुद्दल-व्याज भरून सोडवता तरी येतं. जीभ कशी सोडवणार?

फ्रान्समध्ये मिशलिन नावाची टायरची कंपनी आहे. १९०० साली तिनं मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. लोकांनी गाडी जास्त फिरवावी, टायर जास्त झिजावेत, हा रोकडा हेतू. १९२६ पासून ते चांगल्या हॉटेलांना तारा देऊ लागले. आज त्या ताऱ्यासाठी जगभरचे आचारी जीव टाकतात. का? त्यांचा परीक्षक नाव सांगत नाही. गिऱ्हाईकासारखा येतो, जेवतो, बिल भरतो, निघून जातो. टायर विकणाऱ्यांना जे कळलं, ते म्हसवडच्या लेखकाला कळू नये? तू तर जायच्या आदल्या दिवशी फोन केला होतास. 'उद्या येतोय, लेख लिहायचाय.' परीक्षा आहे की पाहुणचार?

फुकट जेवायचंच असेल तर शेजारी गोंदवले आहे. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या ठिकाणी येणाऱ्याला प्रसाद मिळतो. पंगतीत बस, पोटभर जेव, ताटात काही टाकू नकोस. तिथं पैसे मागत नाहीत आणि तुझं मतही मागत नाहीत. ढाब्याच्या मालकाला तुझं मत हवं होतं. दोन्हींतला फरक न कळण्याइतका तू भोळा नाहीस.

आणि गल्ल्यावर काय म्हणालास? 'एक नंबर जेवण, मालक!' गाडीला किक मारेपर्यंत माझ्या कानाशी, 'भाकरी खवट होती, नाही का सर?' मला कशाला सांगतोस? मी भाकऱ्या थापतो? मालकाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतंस, 'पीठ जुनं झालंय, बदला', तर दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची तोंडं वाचली असती. कदाचित तो माणूस तुझा आयुष्यभर ऋणीही राहिला असता. आईला कुणी मीठ कमी आहे म्हटलं की ती वाईट वाटून घ्यायची का? चमचा घेऊन चव बघायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तू बहिणीच्याच घरी मुक्काम ठोकलायस.

यावर तू म्हणशील, 'मी कुणाला वाईट बोलत नाही, सर. स्वभावच नाही माझा.' खोटं! पाचव्या हॉटेलाबद्दल काय लिहिलंस ते पुन्हा वाच. म्हातारा-म्हातारीचं दोन बाकड्यांचं हॉटेल. चहा, भजी, सकाळी मिसळ. त्यांच्यासाठी तुझे शब्द: 'कळकट', 'पाणचट चहा', 'सेवा अत्यंत संथ'. कधी गेला होतास तिथं? तारीख तूच दिलीस. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. सिद्धनाथाच्या रथाचा दिवस! त्या दिवशी म्हसवडात पाय ठेवायला जागा नसते. गुलाल-खोबऱ्यात बापाला पोरगा ओळखू येत नाही. एक शेगडी, चार थकलेले हात आणि दारात शंभर माणसं. त्या दिवशी तू घड्याळ लावून चहाची वाट बघितलीस आणि निकाल दिलास. वर्षात दुसरा दिवस नव्हता?

तिथं मात्र तुझी जीभ कशी मोकळी सुटली बघ. कारण चहाचे पैसे तू दिले होतेस. म्हणजे तुला खरं बोलता येतं. ज्याच्याकडून पुढं काही मिळणार नाही, त्याच्यापुरतं येतं. याला परखडपणा म्हणतात का? आमच्या गावी याला दुसरा शब्द आहे. पत्रात लिहिण्यासारखा नाही.

आता तुझ्या शौर्याची कथा. सहावं हॉटेल, वातानुकूलित, कुटुंबासाठी वेगळा विभाग. पाण्याच्या बाटलीवर छापलेली किंमत वीस, लावले तीस. अर्धं पान लिहिलंस. 'लूट', 'ग्राहकांची पिळवणूक', तीन उद्गारचिन्हं. कायदा वाचलास? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्येच निकाल दिलाय. हॉटेलात बसून पाणी पिणाऱ्याला ते नुसती बाटली विकत नाहीत, टेबल-खुर्ची आणि सेवाही देतात. म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात. पटो न पटो, कायदा तो आहे. जिथं भांडून उपयोग नाही तिथं तू तलवार काढलीस.

आणि जिथं भांडायचं होतं तिथं? त्या बिलाची प्रत तूच लेखाला जोडलीस. भिंग घेऊन बघ. वरच्या ओळीत बारीक अक्षरात छापलंय की हा व्यवसाय जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे आणि गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही. खालच्या ओळीत जीएसटी पाच टक्के! एकाच कागदावर, वीतभर अंतरावर. जो कर मालकानं आपल्या उलाढालीतून भरायचा तो तुझ्याकडून वसूल केला आणि तू दिलास. त्याखाली 'सेवा शुल्क'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय, सेवा शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तू तेही भरलंस. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा. या बिलावर आहे? शोध. मी शोधला, सापडला नाही. दहा रुपयांसाठी अर्धं पान, आणि बाकीच्यासाठी एक ओळ नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला किती वेळ लागतो? फोन तर हातातच असतो तुझ्या, वाट्यांचे फोटो काढायला.

तू बी. कॉम. आहेस. पहिल्या वर्गात. आणि कुठल्या गावचा? इथल्याच बायकांनी माणदेशी महिला बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून. त्या घरी येऊन रडत बसल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली बँक उभी राहिली. तुझी आई पावशेर तेलाचा हिशेब बोटांवर करायची. आणि तू, पदवीधर, छापलेलं बिल वाचत नाहीस. वाचता येत नाही म्हणालास तर मी शिकवीन. वाचायचा कंटाळा आहे, त्याला मी काय करू?

बारची दोन पानंही वाचली. 'माहौल जबरदस्त.' माहौल म्हणजे काय? अंधार. त्या अंधारात ग्लास धुतलेला होता का हे दिसलं? दाराबाहेर 'परमिट रूम' का लिहिलेलं असतं, कधी विचार केलास? १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून. तुझ्याकडं आहे? तुझ्याबरोबरच्या त्या पोराचं वय किती? बीअरला एकवीस लागतात, दारूला पंचवीस. पेग मापानं ओतला की बाटलीतून सरळ? लहान पेग तीस मिली, मोठा साठ. लिहिणाऱ्यानं माप बघायचं. तू काय बघितलंस? 'चकणा भरपूर आणि फुकट, मालक दिलदार.' खारे शेंगदाणे दिले की तहान लागते. तहान लागली की दुसरी बाटली. हा दिलदारपणा गल्ल्यात मोजला जातो, बाळा. आणि दोन पेगनंतर तिथली भुर्जी तुला 'अप्रतिम' लागली. दोन पेगनंतर मला तुझा लेखही बरा वाटला असता.

वर शेवट काय, तर 'रात्रीचा परतीचा प्रवासही सुखद.' मोटारसायकलवरून! रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ओलांडली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ते राहू दे. तुझ्या आईचे गुडघे गेलेत, पण तू घरी येईपर्यंत ती आडवी होत नाही. हे तुला माहीत आहे. माहीत असून तू छापायला दिलंस की प्रवास सुखद झाला. कुणाला?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

नववं पान. आटपाडी रस्त्यावरचा तोच ढाबा. 'जेवण अप्रतिम, मात्र सेवेत सुधारणेला वाव. पाणी आणणारा मुलगा दोनदा विसरला.'

त्या मुलाकडं बघितलंस? एका हातात चार ग्लास, चारही बोटं पाण्यात. दुसऱ्या हातात जग, तो मांडीला टेकवून चालत होता कारण हाताला पेलत नव्हता. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या तीनदा दुमडलेल्या. मी विचारलं, कितवीत आहेस? म्हणाला, 'सोडली.' वय विचारलं, तर आधी गल्ल्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'सोळा.' चौतीस वर्षं मी पोरांचे आवाज ऐकलेत. तो आवाज अजून फुटलेला नव्हता. सहावीतला असेल, फार तर सातवीतला. तू काय म्हणालास त्याला? 'ए पोऱ्या, किती वेळ?'

चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, ढाब्यावर कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ मध्ये कायदा आणखी कडक झाला. हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. शाळेच्या प्रभातफेरीत बालमजुरीविरोधी फलक तूच धरला होतास, पहिल्या रांगेत. मी दुसऱ्या दिवशी १०९८ ला फोन केला. ते माझं काम मी केलं. पण लिहिणारा तू होतास. तुझ्या टेबलापासून दोन हातांवर अख्खा लेख उभा होता, हातात जग घेऊन. तू त्याचे गुण कापलेस.

तूही पाणी द्यायचास आईच्या खाणावळीत. मला आठवतं. पण दहाची घंटा झाली की आई तुझ्या हातातला जग काढून घ्यायची. गिऱ्हाईक ओरडलं तरी काढून घ्यायची. स्वतः उठून पाणी द्यायची. तिनं त्या दिवसांत तो जग तुझ्या हातात तसाच ठेवला असता, तर आज हा लेख लिहायला तू नसतास. या एका गोष्टीवर थांब. पुन्हा वाच.

आता तुझे 'पण सर' मीच मोजतो.

'पण सर, वेळ नव्हता.' बारा हॉटेलांचे फोटो काढायला होता. 'पण सर, मी काही आचारी नाही.' आचारी हो, असं कुणी म्हटलं? शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत बोटात धरून चेपावं लागतं. तू भाताचा फोटो काढलास. 'पण सर, मालक ओळखीचे आहेत.' ओळखीच्या माणसाला खवट पीठ चालतं? 'पण सर, लोकांना असंच आवडतं.' लोकांना काय आवडतं हे तुला कसं कळलं? त्यांची परत जाणारी ताटं तर तू बघितली नाहीस. 'पण सर, आपल्या भागात लिहिण्यासारखं आहेच काय?' हे म्हणायची हिंमत करू नकोस. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर याच मातीतली माणसं बघत होते. त्यांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं, तेव्हा त्यांची विशी नुकतीच सुरू झाली होती. तुझी एकतिशी झाली. माती तीच आहे.

तुला येत नसतं तर मी रागावलो नसतो. नाचता न येणाऱ्यानं अंगण वाकडं म्हटलं तर आपण हसून सोडतो. तुला नाचता येतं. पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं, म्हणजे जीभ शाबूत आहे. चहाच्या हॉटेलावर लिहिलंस, म्हणजे शब्दांना धार आहे. बिल जोडलंस, म्हणजे कुठंतरी प्रामाणिकपणाही आहे. सगळा माल घरात आहे आणि तू दारोदार उसनं मागतोस. याला आळस म्हणायचं की स्वतःलाच दिलेला चकवा, ते तू ठरव.

लेख परत पाठवतोय. अकराही 'अप्रतिम' खोडलेत. 'लाजवाब' तेवढा ठेवलाय. हे पत्र वाचून तुझी अवस्था तीच व्हायला हवी.

बारा नकोत. तीन हॉटेलं घे. प्रत्येक ठिकाणी तीनदा जा. एकदा बाजारच्या गर्दीत, एकदा दुपारी तीनला भाकऱ्या निवल्यावर, आणि एकदा रात्री उशिरा. नाव सांगू नकोस, फोन करू नकोस. भाकरी मोडून बघ, पापुद्रा सुटतो का. रश्श्यावरचा तवंग बाजूला सारून खालचा रस्सा चाख. त्यात खोबरं-कांदा भाजून घातलाय की नुसता रंग आहे ते जिभेला विचार. मोरीपर्यंत जाऊन ये. जे चुकलं ते आधी मालकाला तोंडावर सांग, मग कागदावर लिही. त्या म्हातारा-म्हातारीकडं साध्या दिवशी जा, चहा पी, आणि लिहिलेलं बदलावंसं वाटलं तर बदल. नाही वाटलं तर तसंच ठेव, पण साध्या दिवशीच्या चहावर ठेव.

एका फेरीला आईला बरोबर ने. रिक्षा कर, तिला चालवू नकोस. तिला काही विचारू नकोस. ती कुठं बघते, तेवढं बघ.

दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. नवा लेख आणशील तेव्हा सोबत सगळी बिलं जोडून आण, तुझ्या पैशानं भरलेली. बिलं नसतील तर मी लेख उघडणार नाही.